मन मोजणारी यंत्रे आणि टिकणारे उद्योग

सकाळी कामाचा संगणक सुरू करावा आणि पडद्याच्या कोपऱ्यात हसऱ्यापासून रडवेल्यापर्यंत पाच छोटे चेहरे उमटावेत. खाली प्रश्न असतो : ‘आज आपल्याला कसे वाटते आहे?’ माहिती तंत्रज्ञान कंपन्या, बँका, विमा कार्यालये येथे काम करणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आता परिचयाचा झाला आहे. कोठे मनःस्वास्थ्याचे अ‍ॅप विकत घेतलेले असते, कोठे दूरध्वनीवरील समुपदेशनाची सोय असते, तर कोठे संगणकीय संवादकाशी मनमोकळे बोलण्याची. या सोयी कर्मचाऱ्यांच्या हिताच्या आहेत आणि उद्योग दीर्घकाळ टिकावा यासाठीही आहेत, असे व्यवस्थापन सांगते. परंतु त्या पाच चेहऱ्यांपैकी कोणावर बोट ठेवावे हे ठरवताना कर्मचाऱ्याच्या मनात आधी दुसराच विचार येतो : हे उत्तर वाचणार कोण?

हा संशय अनाठायी नाही, आणि ही साधने निरुपयोगी आहेत असेही नाही. त्यांच्यामागे काही दशकांचे संशोधन आहे, त्यांच्या मर्यादाही आता बऱ्यापैकी स्पष्ट झाल्या आहेत. नोकरदार माणसाने आणि त्याला नोकरी देणाऱ्यानेही ही दोन्ही अंगे समजून घेणे आवश्यक आहे.

विषयाचे गांभीर्य आपल्याकडे ठळकपणे जाणवले ते २०२४ मध्ये. पुण्यात एका मोठ्या सल्लागार कंपनीत नुकतीच रुजू झालेली तरुण सनदी लेखापाल त्या वर्षीच्या जुलैत मरण पावली. कामाच्या ओझ्याने आपली मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले आणि ते पत्र सप्टेंबरात देशभर वाचले गेले. कंपनीने मृत्यूचा कामाच्या ताणाशी संबंध नाकारला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने मात्र या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. आठवड्याला सत्तर तास काम करावे की नव्वद, यावर उद्योगपतींची वक्तव्ये त्याच सुमारास गाजत होती. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालाने तर, दिवसाचे बारा किंवा अधिक तास मेजाला खिळून राहणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळलेले असते, हे आकडेवारीनिशी नोंदवले. सरकारच्या आर्थिक दस्तऐवजात मनाचा असा उल्लेख येणे ही नवलाची गोष्ट होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात आणि त्याची किंमत सुमारे एक लाख कोटी डॉलर इतकी होते. काम करण्याच्या वयातील साधारण १५ टक्के प्रौढांना २०१९ मध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असा अंदाज आहे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा अंदाज अधिक अस्वस्थ करणारा आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा लोकांत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणजे मनावरचा ताण हा केवळ मनाचा विषय राहत नाही; तो रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो.

येथे एका शब्दाचा नीट उलगडा करणे इष्ट ठरेल. ‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली कोणत्याही थकव्याला लावला जातो. न्यूयॉर्कमधील मनोविश्लेषक हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो या अर्थाने मांडला; मोफत दवाखान्यांत काम करणारे ध्येयवादी स्वयंसेवकच कसे आतून कोळपून जातात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली, तिच्यात या अवस्थेची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी वाढता दुरावा किंवा तुच्छता आणि कार्यक्षमतेतील घट. मात्र हा आजार नव्हे, व्यवसायाशी निगडित स्थिती आहे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्याने ती उद्भवते. निदानाचा हा भेद तांत्रिक वाटला, तरी पुढच्या साऱ्या विवेचनात तो उपयोगी पडेल. कारण उगम कामात असेल, तर औषध फक्त माणसाला देऊन भागणार नाही.

आता साधनांकडे वळू. यंत्राने माणसाचे मन ऐकावे ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम सादर केला. तो समोरच्याचेच वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करीत असे; ‘मला उदास वाटते’ म्हटले, की ‘तुम्हाला उदास वाटते याचे वाईट वाटते’ किंवा तत्सम काही. त्यात समज नावाची गोष्ट नव्हती. तरीही वायझेनबाम यांच्या सचिवांनी त्याच्याशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. आपल्याला कोणी ऐकते आहे या भासाचे सामर्थ्य पाहून वायझेनबाम हर्षभरित झाले नाहीत, तर हादरले. उरलेले आयुष्य त्यांनी संगणकाकडून माणसाची कामे करून घेण्याच्या मर्यादा सांगण्यात घालवले.

त्यापेक्षा भक्कम पाया मिळाला तो बोधात्मक वर्तनोपचाराचा. १९६० च्या दशकात ॲरन बेक यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचे मर्म सोपे आहे. बैठकीत साहेबांनी आपले नाव घेतले नाही, ही घटना. ‘मी निकामी आहे, आता माझी नोकरी जाणार’ हा त्यावरचा आपोआप उमटणारा विचार. त्यातून येणारी भीती, आणि भीतीपोटी पुढच्या बैठकीत गप्प बसणे. घटना, विचार, भावना, वर्तन अशी ही साखळी कागदावर मांडायची, मधला विचार पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहायचा आणि वर्तनात लहान-लहान बदल करून पाहायचे. ही पद्धत पायऱ्यापायऱ्यांनी जात असल्याने ती संगणकावर उतरवणे शक्य झाले. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने २००१ मध्ये ‘मूडजिम’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याची ५२५ जणांवर घेतलेली चाचणी २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली व नैराश्याची लक्षणे कमी करण्यात त्याचा उपयोग होतो, असे दिसून आले. त्यानंतर अशा अनेक चाचण्या झाल्या आहेत. त्यांतून एक निष्कर्ष पुन्हापुन्हा पुढे आला. मागे कोणी जिवंत माणूस असेल, आठवड्यातून दहा मिनिटे का होईना विचारपूस करणारा असेल, तर ऑनलाइन उपचार बराच परिणामकारक ठरतो. एकट्याने करायचा असेल तर परिणाम क्षीण होतो.

याचे मुख्य कारण लोक मध्येच सोडून देतात, हे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मनःस्वास्थ्याच्या ९३ अ‍ॅपचा प्रत्यक्ष वापर तपासण्यात आला. ते उतरवून घेणाऱ्यांपैकी तीस दिवसांनंतर ते उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.३ टक्के निघाले. शंभरातील तिघे! एखाद्या व्यायामशाळेने वर्षाची वर्गणी घ्यावी आणि फेब्रुवारीत ती ओस पडावी, तसाच हा प्रकार. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘इतक्या हजार कर्मचाऱ्यांना ही सुविधा उपलब्ध’ असे वाक्य दिसले, की हा आकडा आठवावा.

सोडून देणाऱ्यांना धरून ठेवण्यासाठीच संवादक आले. स्टॅनफर्डमध्ये संशोधन केलेल्या ॲलिसन डार्सी यांच्या ‘वोबॉट’ने २०१७ मध्ये ७० तरुणांवरील दोन आठवड्यांच्या चाचणीत आशादायक निष्कर्ष दाखवले आणि त्याचा बराच बोलबाला झाला. तेच अ‍ॅप ३० जून २०२५ रोजी बंद झाले. आपल्याकडे बंगळुरूत जन्मलेल्या ‘वायसा’ने वेगळी वाट धरली, संवादकाच्या जोडीला मानवी मार्गदर्शक ठेवले, ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत शिरकाव केला आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडून एका विशिष्ट उपयोगासाठी विशेष दर्जाही मिळवला. मात्र हा दर्जा म्हणजे अंतिम मान्यता नव्हे. परीक्षण लवकर व्हावे यासाठीची ती सवलत असते. जाहिरातींत हा फरक बहुधा पुसला जातो. या जुन्या संवादकांची उत्तरे तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेली असत. अलीकडे जी सर्वसाधारण संभाषण-यंत्रे हातोहाती आली आहेत, ती प्रत्येक वाक्य नव्याने रचतात. ती अधिक गोड बोलतात आणि म्हणूनच संकटात सापडलेल्या माणसाला ती काय सांगतील, याची खात्री देणे अधिक कठीण असते.

समजा, साधन उत्तम आहे आणि लोक ते वापरतातही. तरी नोकरीच्या ठिकाणी त्याचा फायदा होतो का? ऑक्सफर्ड विद्यापीठातील विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजार ३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून हा प्रश्न तपासला. त्यांचा लेख २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताणनियोजनाचे वर्ग, सजगता ध्यान, स्वास्थ्याची अ‍ॅप यांत भाग घेणारे आणि न घेणारे यांच्या स्वास्थ्यात लक्षणीय फरक आढळला नाही. अपवाद एकच, स्वयंसेवी कामाची संधी. ही एका वेळची पाहणी असल्याने तिने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. जे आधीच त्रस्त असतात तेच अशा वर्गांना जातात, असा आक्षेप घेता येतो. पण एवढ्या मोठ्या संख्येत फायद्याची पुसटशी खूणही दिसू नये, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

याचे स्पष्टीकरण पंचेचाळीस वर्षांहून जुने आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की सर्वांत घातक ताण नुसत्या कष्टाने येत नाही. कामाची मागणी खूप आणि ते कसे, केव्हा, कोणत्या क्रमाने करावे यावर आपला ताबा मुळीच नाही, अशा जोडीतून तो येतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरवर ओझे असते, पण सूत्रे त्याच्या हाती असतात. कॉल सेंटरमधील मुलीला शौचालयात किती मिनिटे जावे हेही यंत्र सांगते. या दृष्टीने पाहिले, तर तंत्रज्ञान हे अनेकदा औषध असण्याआधी रोगाचे कारण असते. घरबसल्या रात्री अकराला येणारा व्हॉट्सअ‍ॅप संदेश हे त्याचे सौम्य रूप. अंगणवाडी सेविकांचा अनुभव अधिक बोलका आहे. २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आणले. बालकांची वजने, उंची, आहार वाटप यांची नोंद त्यात करायची. महाराष्ट्रातील सेविकांची तक्रार होती, की अ‍ॅप इंग्रजीत आहे, सरकारने दिलेले भ्रमणध्वनी निकृष्ट आहेत आणि नोंद झाली नाही तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते भ्रमणध्वनी सरकारला परत केले. मानधनावर राबणाऱ्या या बायांना त्या क्षणी ध्यानधारणेचे अ‍ॅप दिले असते, तर त्यांनी काय म्हटले असते, याची कल्पना करता येते. त्यांना हवे होते मराठीतील साधे पान आणि चालणारे यंत्र.

मग तंत्रज्ञानाने कामच सुसह्य करता येते का? येते, आणि त्याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतील ‘गॅप’ या तयार कपड्यांच्या दुकानसाखळीत मिळते. तेथील विक्रेत्यांची पाळी संगणक ठरवत असे व ती ऐनवेळी बदले. मुलाला पाळणाघरात कधी सोडायचे, दुसरी नोकरी कधी करायची, काही ठरवता येत नसे. जोन विल्यम्स, सरवणन केसवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को व शिकागो परिसरातील २८ दुकानांत प्रयोग केला. १९ दुकानांत नवी पद्धत आणली, ९ दुकाने तुलनेसाठी तशीच ठेवली. पाळ्यांच्या सुरू होण्याच्या व संपण्याच्या वेळा शक्यतो रोज सारख्या ठेवल्या, काहींना आठवड्याला किमान तासांची हमी दिली आणि कर्मचाऱ्यांना एका अ‍ॅपवरून आपसांत पाळ्या बदलण्याची मुभा दिली. त्यासाठी व्यवस्थापकाची मिनतवारी करायला नको. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार या दुकानांची विक्री मध्यक प्रमाणात ७ टक्क्यांनी व श्रमाची उत्पादकता ५ टक्क्यांनी वाढली. कर्मचाऱ्यांची झोप सुधारली, आणि लहान मुले असलेल्यांचा ताण कमी झाला. येथेही अ‍ॅपच होते. परंतु त्याने मनाची चौकशी केली नाही. त्याने माणसाच्या वेळेवरचा ताबा थोडा त्याच्याकडे परत दिला. कॅरासेक यांच्या सूत्राचे याहून नेमके उपयोजन सापडणे कठीण. अनुभवी माणसे दुकानात टिकली की विक्री वाढते, हे लक्ष्मी रोडवरच्या कोणत्याही जुन्या कापड दुकानदाराला ठाऊक असते. त्यासाठी त्याला अमेरिकेतील प्रयोगाची गरज नव्हती.

जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार करून काही कर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने ई-मेल पोहोचवणेच थांबवले; दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू होत. फ्रान्सने २०१७ पासून कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये मांडले. खासगी विधेयकांचे भवितव्य आपल्याकडे काय असते, हे वाचकांना सांगायला नको. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनंदिन कामाची कमाल मर्यादा दुकाने व आस्थापनांत नऊवरून दहा तास आणि कारखान्यांत बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. उत्तर वाचणार कोण? मनाच्या नोंदी बाहेर पडल्या तर काय होते, याचे भीषण उदाहरण फिनलंडमध्ये घडले. ‘वास्तामो’ या मानसोपचार संस्थेच्या संगणकांतून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीस गेल्या आणि २०२० मध्ये चोराने रुग्णांनाच वैयक्तिक संदेश पाठवून खंडणी मागितली. त्याला २०२४ मध्ये सहा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. लोकांची गुपिते मात्र परत आली नाहीत. तेथे निदान चोर तरी होता. अमेरिकेत ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीनेच ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तेथील व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटले.

मालकाच्या बाबतीत धोका अधिक सूक्ष्म असतो. ‘आम्हाला फक्त सरासरी दिसते, नावे दिसत नाहीत’ असे आश्वासन दिले जाते. चारशे जणांच्या सरासरीत व्यक्ती लपते, हे खरे. पण विभागात सहाच माणसे असतील आणि सरासरी एका आठवड्यात एकदम घसरली असेल, तर ती कोणामुळे, हे ओळखायला गुप्तहेर लागत नाही. म्हणून किमान किती जणांच्या गटाखाली आकडे दाखवायचेच नाहीत, ही संख्या करारात लिहिलेली असावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये उत्पादकतेची गुणपत्रिका आणली, तेव्हा तीत व्यक्तिनिहाय नोंदी दिसू शकत होत्या. टीका झाल्यावर काही दिवसांतच नावे काढावी लागली. युरोपीय संघाने तर चेहरा, आवाज यांवरून कर्मचाऱ्याच्या भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर कामाच्या ठिकाणी २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे. वैद्यकीय व सुरक्षिततेच्या कारणांपुरता अपवाद ठेवला आहे.

भारतातील स्थिती संमिश्र आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे बंधन घातले. पण गोपनीयतेचे ते बंधन उपचार करणाऱ्यांवर आहे. कंपनीने घेतलेले सर्वसाधारण ‘स्वास्थ्य’ अ‍ॅप त्यात कितपत बसते, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मानसिक आरोग्याची स्थिती ‘संवेदनशील’ माहितीत गणली गेली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी वेगळी वर्गवारीच नाही. शिवाय त्याच्या सातव्या कलमानुसार नोकरीच्या प्रयोजनासाठी मालकाला कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवायही वापरता येते. ‘नोकरीचे प्रयोजन’ म्हणजे नेमके काय, यावर उद्या बरेच खटले उभे राहतील. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या आल्या, की जुने नियम ज्या कलमावर उभे आहेत ते कलम रद्द होईल.

टिकाऊ उद्योग या शब्दप्रयोगाचा आपल्याकडे बहुधा झाडे लावणे आणि सांडपाणी शुद्ध करणे एवढाच अर्थ घेतला जातो. वास्तविक उद्याच्या पिढीची शिदोरी आजच संपवू नये, हे त्याचे सूत्र माणसांनाही लागू पडते. तिशीत कोळपलेला अभियंता ही संपवून टाकलेली साधनसंपत्तीच आहे. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला आणि त्यात कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याला स्वतंत्र स्थान दिले. २०२३ मध्ये ठरवलेल्या गाभ्याच्या निर्देशांकांत तर स्वास्थ्यावरील खर्च महसुलाच्या किती टक्के, हेही सांगावे लागते. चांगली गोष्ट आहे. परंतु खर्च हे साधन आहे, फलित नव्हे. तीन टक्के लोक उघडणारे अ‍ॅप घेतले तरी खर्चाचा रकाना भरतो. त्याच अहवालात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाणही द्यावे लागते. भागधारकांनी हे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवून वाचले, तर वार्षिक सभेत विचारण्याजोगे प्रश्न आपोआप सुचतील. मानसिक जोखमींच्या व्यवस्थापनासाठी २०२१ मध्ये आलेले ४५००३ क्रमांकाचे आयएसओ मानकही कामाचे ओझे, भूमिकेतील संदिग्धता, वरिष्ठांचे वर्तन यांपासूनच सुरुवात करते.

या साऱ्या चर्चेत एक मोठा वर्ग मात्र बाहेरच राहतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत एक चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर काम करणारे होते. नाक्यावरच्या मजुराला मनुष्यबळ विभाग नसतो आणि घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या मुलाचा साहेब म्हणजे एक अ‍ॅपच असते. निती आयोगाने २०२२ मध्ये अशा मंचांवरील व हंगामी कामगारांची संख्या २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज दिला. दुसरीकडे देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता येत नाही आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार बहुतांश विकारांत सत्तर टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना राहतात.

या दरीवर पूल बांधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत तंत्रज्ञानाची जागा दुय्यम होती. गोव्यातील ‘संगथ’ या संस्थेने प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार करता येतात, हे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून दाखवले, पुढे मध्य प्रदेशात तिने अशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी स्मार्टफोन वापरला. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातील ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. गावातल्याच विश्वासू माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले आणि स्मार्टफोनवर लघुपट दिले. कोणाच्या ओसरीवर चार जण बसून बेकारी, दारू, घरातील मारहाण यांवरचा लघुपट पाहतात आणि मग बोलणे सुरू होते. फोन येथे बोलण्याचे निमित्त आहे. ऐकणारा माणूस समोर बसलेला आहे.

सरकारची ‘टेलिमानस’ सेवा हा या साखळीतील सर्वांत व्यापक दुवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. बंगळुरूची निमहान्स ही तिची मध्यवर्ती संस्था आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, निःशुल्क चालतो, मराठीतून बोलता येते आणि गरजेनुसार समुपदेशकाकडून तज्ज्ञाकडे जोडून दिले जाते. चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या लहान कारखानदाराला महागडे अ‍ॅप परवडणार नाही. पण हा क्रमांक हजेरीच्या यंत्राशेजारी लावण्यास काहीच खर्च नाही. मालकाचा आणि त्या संभाषणाचा काही संबंध नसतो, हा त्याचा आणखी एक फायदा.

ज्या कंपन्यांत अ‍ॅप दिलेच आहे, तेथील कर्मचाऱ्यांनी ते उतरवून घेण्याआधी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. माहिती कोणत्या संस्थेकडे राहते व किती दिवस? नोकरी सोडल्यावर ती पुसली जाते का? किती जणांच्या गटाखाली आकडेवारी दिली जात नाही? बढती, बदली किंवा कामगिरीच्या मूल्यमापनात ती वापरली जाणार नाही, असे करारात कोठे म्हटले आहे? संवादकाच्या पलीकडे मराठी बोलणारा माणूस आहे का, आणि तो किती वेळात मिळतो? पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कामगार संघटना वेतन कराराच्या वेळी उपाहारगृहातील जेवणापासून बसच्या थांब्यापर्यंत साऱ्याचा घासाघीस करून निर्णय लावतात. माहिती संरक्षण कायद्याच्या मुख्य तरतुदी मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. त्यापूर्वी होणाऱ्या करारांच्या मसुद्यांत हे पाच प्रश्न आणि पाळीनंतरच्या संदेशांची वेळ घालता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.